गुर्लहोसूरचे दुसरे किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीजवळ असलेल्या गुर्लहोसूर या गावाचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा एकाच कारणामुळे. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली तेथे झाला आणि १८८५ साली त्यांचे निधनही तेथेच झाले. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांच्यामुळे या लहानशा गावाला आमच्या वाङ्मयेतिहासात कायमचे स्थान मिळाले. त्याच गावी, त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका घरात, २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर जन्मले. पहिल्या किर्लोस्करांविषयी आम्ही वर्गात तासन् तास बोलतो. दुसऱ्यांचे नाव मात्र पंपावर आणि इंजिनावर वाचून पुढे जातो. नाटकाचा इतिहास लिहिणारे आम्ही लोक नांगराचा इतिहास आपल्या कक्षेत धरीत नाही, हे त्याचे खरे कारण होय. ही उणीव थोडीशी भरून काढावी, एवढ्याच हेतूने हे स्मरण आम्ही करीत आहोत.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि हाताने घडणाऱ्या वस्तूंत. वडिलांची मर्जी नसतानाही, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर, १८८५ साली ते मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे गेल्यावर ध्यानात आले, की काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून कठोर निकाल तो कोणता असणार! पण रंग हातचे गेले तरी रेषा राहिली होती. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या आत्मसात केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्या विषयाचे शिक्षक झाले. विद्यार्थ्यांना यंत्राचे चित्र दाखवता दाखवता ते स्वतः यंत्र खोलून पाहावयास शिकले. परदेशी यंत्रविषयक मासिके वाचण्याची सवय त्यांना जडली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास आले.

बेळगावात रामूअण्णांच्या भागीदारीत सायकलींचे दुकान चालू झाले. किर्लोस्कर बंधूंच्या पेढीची स्थापना १८८८ सालची मानली जाते. सायकल ही त्या काळी नवलाची चीज. ती विकावयाची, गिऱ्हाइकाला तिच्यावर बसावयास शिकवावयाचे आणि मोडली की दुरुस्त करून द्यावयाची, असा हा व्यवसाय होता. या दुरुस्तीतूनच लक्ष्मणरावांचा स्वभाव कळतो. परदेशात तयार झालेली वस्तू आमच्या रस्त्यावर, आमच्या हातात कोठे मोडते, हे त्यांना रोज पाहावयास मिळाले. जे मोडते ते का मोडते, आणि येथल्या येथे ते कसे घडविता येईल, या दोन प्रश्नांवर त्यांची सारी शोधकबुद्धी उभी राहिली. आरंभी कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर झाला.

या नांगराचे महत्त्व आजच्या शहरी वाचकाला चटकन उमगणार नाही. देशी लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथीत नाही. काळ्या जमिनीत खोलवर गेलेली कुंद्याची व हरळीची मुळी तशीच राहते. खोल नांगरट करावयाची तर कित्येक बैलजोड्या एकामागे एक जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराचा वळविलेला पत्रा मातीचे ढेकूळ उचलतो आणि पालथे घालतो, त्यामुळे तणाची मुळी वर येऊन उन्हात वाळते. विलायती नांगर हे काम करीत असत, परंतु त्यांचा एखादा भाग झिजला की शेतकऱ्याने काय करावे? लक्ष्मणरावांनी येथल्या मातीला आणि येथल्या बैलाला सोसेल असा नांगर बांधला. झिजलेला फाळ काढून नवा बसविता यावा, ही सोयही त्यांनी ध्यानात ठेवली.

तरीही नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकावयास सुमारे दोन वर्षे लागली. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका शेतावर अवलंबून आहे, त्याने अनोळखी अवजाराकडे संशयाने पाहावे, यात नवल ते काय? लक्ष्मणरावांनी वादविवाद केला नाही. नांगर शेतात चालवून दाखविला आणि पिकाला बोलू दिले.

धंदा मूळ धरू लागला, तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा हवी म्हणून कारखाना हलविण्यास सांगितले. नगराच्या वाढीला जागा लागते, हे खरेच. पण त्या नगरात कारखाना ही नगराचीच वाढ आहे, असा विचार त्या वेळी कोणाला सुचला नाही. बेळगावशी नाते सांगणाऱ्या आम्हांला या प्रसंगाची थोडी खंत वाटली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर बसले होते. ते स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. औंधातील एका बांधकामाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपविले होते. कारखान्याचे संकट कळताच त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व भांडवलासाठी कर्जही दिले. संस्थान लहान आणि त्याचे तुकडे विखुरलेले. पण तेथील राजाचे मन लहान नव्हते. १० मार्च १९१० रोजी त्या जमिनीवर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते, आणि त्यात नागांचा सुळसुळाट. बेळगावाहून पंचवीसएक कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर या रानात आली. पहिल्या दिवसांत पत्नी राधाबाई यांनी सर्वांच्या जेवणाचा भार उचलला. कारखान्याचे छप्पर आणि माणसांचे छप्पर बरोबरच उभे राहिले. गावाचा कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभोराव जांभेकर इंजिनाचे जाणकार झाले, मंगेशराव रेगे यांनी कचेरी सांभाळली, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. यांपैकी कोणाजवळही इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. माणसाचे प्रमाणपत्र न पाहता त्याचा कल पाहावा, ही लक्ष्मणरावांची रीत होती. शिक्षकांनी तर ती विशेष मनन करावी अशी आहे.

आमच्या मते लक्ष्मणरावांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे ही वाडीच होय. त्यांनी तेथे शाळा, पाणी, स्वच्छता यांची व्यवस्था लावली आणि अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी रात्रीच्या राखणीला नेमले. एक होता रामोशी, दुसरा मांग, म्हणजे समाजाने आधीच चोर ठरवून टाकलेल्या जातींतले. त्या दोघांनी तो विश्वास सार्थ केला. मोडलेली सायकल टाकून न देता ती कोठे मोडली हे पाहणारी जी दृष्टी, तीच येथे माणसांच्या बाबतीत कामास आली. या व्यवस्थेला वडीलधाऱ्याच्या घराचे रूप होते, हेही नमूद केले पाहिजे. गावाचे नियम मालकाच्या मनातून येत, आणि मालक चांगला म्हणून गाव चांगले, हा काही स्वराज्याचा पुरा अर्थ नव्हे. तथापि त्या काळच्या किती नगरपालिकांनी आपल्या रहिवाशांसाठी एवढे केले होते, हा प्रश्न विचारल्यावर टीकेची धार आपोआप बोथट होते.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. युद्धाच्या टंचाईतून शेतीला मिळालेली ही देणगी एखाद्या कवीला सुचावी अशी आहे. पण ती ओतशाळेत घडली.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप वाडीत तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून १९२६ साली पदवी घेऊन परतले, आणि धंद्याला नव्या विद्येची जोड मिळाली. १९४१ साली हरिहर येथे यांत्रिक हत्यारांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यास तेल-इंजिनांचा आणि बंगळूरास विजेच्या यंत्रांचा. मराठी घराण्याचा हा उद्योग कन्नड मुलुखात जन्मलेल्या माणसाने उभारला आणि तो पुन्हा कन्नड मुलुखात जाऊन वाढला. सीमेवरच्या वादाच्या गदारोळात हे साधे सत्य कोणी आठवीत नाही.

वाङ्मयाशी या कथेचा संबंध याच १९२० सालापासून उघड होतो. पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी त्या वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक वाडीतून काढले. कारखान्याच्या बातम्या देणारे हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. नवमतवादी मराठी गद्याचे एक मोठे व्यासपीठ एका नांगराच्या कारखान्याच्या अंगणात उभे राहिले. ज्या गावात दोन तपांपूर्वी केवळ निवडुंग होता, तेथून निघालेला अंक इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांपर्यंत पोचावा, हे आम्हांला त्या नांगराचेच पीक वाटते.

या कथेतील सर्वांत कडू पान १९४८ सालचे. ३० जानेवारीस महात्माजींची हत्या झाली, आणि त्यानंतर ब्राह्मणांच्या घरांवर जी जाळपोळ उसळली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जेथे त्यांनी जातिभेदाला थारा दिला नव्हता, तेथेच जातीच्या नावाने आग लागली. पण ज्या समाजाच्या क्षोभातून ही आग आली, त्याच समाजातल्या कामगारांच्या हातांनी कारखाना पुन्हा उभा राहिला व चालू झाला. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याखेरीज तो प्रसंग पुरा सांगितला असे होत नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशन आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. नाव राहिले, पण त्या नावामागची भाषा मात्र आमच्या डोळ्यांदेखत विरत चालली आहे. हळस, रुमणे, फाळ, जू हे नांगराचे शब्द, साचा, ओतकाम, बीड हे ओतशाळेचे शब्द. ट्रॅक्टर आल्यावर यांतले कित्येक म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहेत. संस्थेच्या सभासदांना आणि शिक्षकबंधूंना आमची विनंती अशी, की सीमाभागातील गावोगावी हे शब्द बोलणारी माणसे आहेत तोवर विद्यार्थ्यांकडून ते टिपून घ्यावेत. 'सौभद्रा'ची पदे आम्ही जपली. त्याच गावच्या दुसऱ्या किर्लोस्करांच्या हाताखाली जी मराठी घडली, तीही जपण्यास आम्ही बांधील आहोत.