एल मिस्ती: शहरातून सोपा दिसणारा ज्वालामुखी चढायला इतका अवघड का?

दक्षिण पेरूमधल्या अरेकिपा शहरात कुठूनही मान वर केली की शंकूसारखा एक डोंगर दिसतो. हा एल मिस्ती, ५,८२२ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी. पांढऱ्या ज्वालामुखीजन्य 'सियार' दगडात बांधलेलं जुनं अरेकिपा २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मिस्तीवर जाण्यासाठी दोर लावून कडे चढावे लागत नाहीत. कोरड्या मोसमात वाटेवर सहसा बर्फही नसतो. त्यामुळे अनेकांना तो सोपा वाटतो आणि इथेच चूक होते.

उंचीचं गणित

अरेकिपा सुमारे २,३०० मीटरवर आहे. म्हणजे शहर आणि शिखर यांच्यातला फरक साधारण ३,५०० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी हा फरक भरून निघत नाही.

बहुतेक जण ही चढाई दोन दिवसांत करतात. पहिल्या दिवशी जीपने सुमारे ३,४०० मीटरपर्यंत जायचं आणि तिथून चालत साडेचार हजार मीटरच्या आसपास तंबू ठोकायचा. मध्यरात्रीनंतर पुन्हा निघून सकाळी माथा गाठायचा. डोंगरावर पाण्याची सोय नाही, त्यामुळे दोन दिवसांचं पाणी पाठीवर वाहून न्यावं लागतं. मे ते सप्टेंबर हा मोसम चांगला, पण रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं.

पायाखालची राख

सह्याद्रीही ज्वालामुखीतूनच घडला, मग फरक काय? सह्याद्रीत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा पसरला आणि त्याचे थरावर थर गोठून टणक काळा पाषाण झाला. मिस्तीचा शंकू लाव्हासोबतच राख आणि सच्छिद्र दगडांच्या थरांचा आहे. चढताना पाय भुसभुशीत राखेत रुततो आणि मागे घसरतो. त्यामुळे तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त दम लागतो. उतरताना मात्र हीच राख मदतीला येते. जी चढण चढायला सहा-सात तास लागतात, ती घसरत दोन-तीन तासांत उतरता येते.

खरा धोका कोणता?

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणं ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणं. त्याकडे दुर्लक्ष केलं तर फुफ्फुसांत पाणी साठू शकतं किंवा मेंदूला सूज येऊ शकते. दोन्ही जिवावर बेततात. व्यायामाची सवय असलेल्या तरुणांनाही हा त्रास होऊ शकतो.

म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. मिस्तीची दोन दिवसांची चढाई हा नियम मोडते. त्यामुळे आधी काही दिवस उंचावर काढणं गरजेचं ठरतं. अनेक गिर्यारोहक त्यासाठी कोल्का दरीजवळच्या चिवाय गावी, सुमारे ३,६०० मीटरवर, राहतात. लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही, आणि वाढली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

माथ्यावर काय आहे?

माथ्यावर एक क्रूस आहे आणि एकात एक अशी दोन विवरं. आतल्या विवरातून आजही गंधकाचे वायू बाहेर पडतात, त्यामुळे तिथे उतरणं धोक्याचं. १९९८ मध्ये योहान राइनहार्ड आणि होसे अँतोनियो चावेस या पुरातत्त्वज्ञांना याच विवराजवळ इंका काळातल्या नरबळींचे अवशेष मिळाले. इंका लोक डोंगरांना देव मानत.

मिस्तीवर पेरूच्या भूभौतिकी संस्थेची सतत नजर असते, कारण पायथ्याच्या शहरात दहा लाखांवर माणसं राहतात. चढाई ठरवण्याआधी या संस्थेचा ताजा इशारा पाहणं, हे तिथल्या वाटेवरचं पहिलं पाऊल.