माळ्याला लायसन कोण देतं?

दिवाळीत मामाकडे मोरगावला गेलो की एक संध्याकाळ मंदिराजवळच्या चहाच्या टपरीवर जातेच. यंदा तिथं मामेभावाने मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणा एजंटचा मेसेज होता: ‘लँडस्केपिंग लायसन, सर्व कागदपत्रांसह, ८,५०० रुपये. चार दिवसांत काम.’

“दादा, तू कंप्युटरवाला. हे असं लायसन खरंच असतं का?”

तो चार वर्षं हे काम करतोय. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून रोपं उचलायची, बारामतीतल्या बंगल्यांना लॉन घालून द्यायचं, ठिबकच्या नळ्या टाकायच्या, महिन्यातून दोनदा कटिंगला जायचं. आजवर कुणी कागद विचारला नव्हता. आता पहिल्यांदा एका सोसायटीचं मोठं काम समोर आलंय आणि त्यांच्या सेक्रेटरीने कोटेशनसोबत ‘लायसनची प्रत’ मागितली आहे. काम मिळालं तर त्याला सेकंडहँड पिकअप घेता येईल. नाही मिळालं तर पुन्हा मित्राचा टेम्पो.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो. दोन तासांत उत्तर मिळालं: ‘लँडस्केपिंग लायसन’ नावाची गोष्ट महाराष्ट्रात नाही. एजंट हवा विकत होता. पण उत्तर एवढंच असतं तर हा लेख लिहिलाच नसता. एक लायसन नाही, पण वेगवेगळे पाच-सहा कागद आहेत आणि प्रत्येकाची जन्मतारीख वेगळी. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. जुन्या कोडमध्ये विचित्र अट दिसली की ती लगेच उडवायची नाही. आधी ती कधी आणि कुठल्या गोंधळानंतर आली ते शोधायचं. मी कायद्यांना तीच शिस्त लावली, आणि तपास फिरून फिरून मामाच्याच परिसरात येऊ लागला.

सगळ्यात जुना परवाना जन्माचा. गावगाड्यात गुरवाने देवाला बेल-फुलं पुरवायची, माळ्याने भाजी-फुलं पिकवायची, हे हक्क वतनाचे होते. बाहेरच्या माणसाने येऊन ‘मीही करतो’ म्हणायची सोय नव्हती. त्याहून वरचा परवाना म्हणजे दरबाराची मर्जी. याचं आपल्या भागातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपण शाळेत वाचतो, पण धंद्याच्या नजरेने कधी बघत नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, साताऱ्याकडच्या कटगुणचं. पणजोबा तिथे चौगुला होते. कुलकर्ण्याशी वितुष्ट आलं आणि ते पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले. पुढची पिढी पुण्यात गेली आणि पेशव्यांच्या वाड्यावर फुलांच्या गाद्या, गजरे, सजावट पुरवू लागली. काम इतकं आवडलं, की शहराबाहेरची पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे ‘फुले’ झाले. आजच्या भाषेत म्हणायचं तर सरकारी लँडस्केपिंगचं कंत्राट, आणि वर ब्रँडनेम.

पण हा परवाना किती कच्चा होता पाहा. थोरले चुलते राणोजी यांनी इनाम स्वतःकडे घेतलं आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव त्याच कौशल्याचे असूनही त्यातून बाहेर पडले. कौशल्य तिघा भावांच्या हातात होतं, कागद एकाच्या. पुढे त्यांना स्वतःच्या जोरावर फुलं-भाजीचा धंदा उभा करावा लागला. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे कागदाचं भांडण आत्ताचं नाय.”

नाहीच. मोरगावहून सुपे गाडीवर पंधरा-वीस मिनिटं. तिथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुस्तकांत ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात त्याची सुरुवात ही. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता, हे मला नेहमी लक्षणीय वाटतं. त्यातून १८७९चा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला, आणि बऱ्याच पुढे, १९४६च्या कायद्याने, सावकारी करायला परवाना सक्तीचा झाला. म्हणजे आमच्या भागाने एक लायसन जन्माला घातलं, पण ते सावकाराचं.

दंग्यांच्या मागोमाग १८७६ ते ७८चा दुष्काळ आला. सुपे-मोरगावचा पट्टा आजही जिरायत म्हणून ओळखला जातो. तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. सरकारला दुष्काळाच्या तरतुदीसाठी पैसा हवा होता. शेतकऱ्याकडून आणखी काढणं शक्य नव्हतं, म्हणून १८७८ साली मुंबई इलाख्यात व्यापार-उद्योगांवर ‘लायसन टॅक्स’ बसला. नाव लायसनचं, काम कराचं. तुम्हाला धंदा येतो की नाही हे कुणी तपासत नव्हतं. पैसे भरले की परवाना. एप्रिल १८७८मध्ये सुरतेत त्याविरुद्ध हरताळ झाला, दंगल उसळली, गोळीबार झाला. १८८६च्या प्राप्तिकराच्या कायद्यानंतर हा कर मागे पडला.

त्याच दुष्काळाची दुसरी खूण पाण्याची आहे. दुष्काळी कामांना जोडून नीरा डावा कालवा पुढे आला आणि १८८५च्या सुमारास बारामतीकडे पाणी खेळू लागलं. खाली नीरेच्या पाण्यावर ऊस आला; सासवडच्या माळ्यांनी गाव सोडून कालव्याच्या भागात जमिनी कसल्या, आणि १९३०च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. सासवडवरून वाहणारी कऱ्हा पुढे आमच्या मोरगावातूनच जाते. पण कालव्याचं पाणी मोरगावच्या वाट्याला आलं नाही. ‘बागायत’ या शब्दात बाग आहे, आणि ती कुणाच्या दारात फुलणार हे लेव्हलने ठरवलं. मामेभाऊ बारामतीला लॉन घालायला जातो, मोरगावात नाही, यामागे हाही हिशेब आहे.

आता थेट स्वतःच्या खिशाकडे या. तुम्ही महाराष्ट्रात पगारदार असाल तर सॅलरी स्लिप उघडा. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, प्रोफेशनल टॅक्स. मी पाच वर्षं ते बघत होतो आणि एकदाही विचारलं नाही की हे कशाचे. १९७२च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर आले. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना आधीच आकाराला आली होती. ती आता राज्यभर नेली गेली. तिच्यासाठी शहरांतल्या कमावत्यांनी पैसे द्यावेत म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. म्हणजे शंभर वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट: पाऊस पडला नाही, म्हणून धंद्यावर कर. फरक एवढाच, की यावेळी दंगल झाली नाही, आणि त्या पैशातून खरोखर मजुरी मिळाली. मामीची आई अशाच कामावर होती. मामेभावाला धंदा नावावर करायचा तर त्यालाही या कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतील. हे सांगितल्यावर तो वैतागेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “आज्जीच्या खडीचे का? मग भरू.”

इथवरचे कागद पैशांचे. ज्या कागदामुळे मी त्या रात्री खुर्चीत सरळ बसलो तो विषाचा आहे.

त्याच्या कोटेशनमध्ये शेवटून दुसरी ओळ होती: ‘कीड नियंत्रण, मासिक फवारणी.’ मामा तीस वर्षं स्वतःच्या रानात पाठीवरच्या पंपाने फवारत आलेत, त्यामुळे पोराला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण १९६८चा कीटकनाशक कायदा इथे बारीक रेघ ओढतो. स्वतःच्या घराला, परसबागेला किंवा कसत्या जमिनीला फवारलं तर परवाना नको. पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत कीड नियंत्रणाचा धंदा करायचा तर हवा. पंप तोच, बाटली तीच, माणूसही तोच. कुंपण ओलांडलं की कायदा बदलतो. या कायद्यामागची घटना १९५८ची, केरळातली. पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचं पीठ एकाच जहाजातून आलं, गळती झाली, आणि ते पीठ खाऊन शंभराहून जास्त माणसं मेली. न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला, आणि दहा वर्षांनी कायदा आला. त्याने सगळं सुटलं असं नाही: २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. बाकीचे कागद मला कटकट वाटू शकतात, हा नाही. सोसायटीच्या लॉनवर संध्याकाळी लहान पोरं लोळतात.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, ती ओळ काढ. तो चिडला. महिन्याचा पक्का पैसा त्याच ओळीत होता. “गावात सगळेच मारतात,” तो म्हणाला. मामा आतापर्यंत गप्प ऐकत होते. ते एवढंच बोलले, “आपण मारतो ते आपल्या अंगावर येतं.” मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

बाकीचं पटकन सांगतो. फळझाडांची कलमं तयार करून विकायची तर १९६९च्या राज्याच्या कायद्याने रोपवाटिकेला परवाना लागतो, आणि कारण शहाणपणाचं आहे: आंब्याचं कलम खोटं निघालं हे कळायला चार-पाच वर्षं जातात, तोवर विकणारा गायब. शोभेच्या झाडांना हा कायदा नाही. जास्वंद खोटी निघाली तर फार तर रंग चुकतो. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७च्या दुकाने कायद्याने नुसती ऑनलाइन सूचना पुरते, ती त्याने माझ्या लॅपटॉपवरून तिथेच दिली. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी नको. आणि बागेचं डिझाइन करायला पदवी लागते का? ‘आर्किटेक्ट’ ही पाटी १९७२च्या कायद्याने राखीव आहे, पण २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो कायदा पाटी राखतो, काम नाही. तरी गैरसमज नको म्हणून त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरचं ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ खोडून आम्ही ‘बाग आणि लॉनची कामे’ केलं. मला हेच जास्त आवडलं, त्याला नाही.

उरलं झाड. सोसायटीच्या आवारात कोपऱ्यात एक जुनी चिंच आहे आणि ती काढून तिथेही लॉन हवं, असं त्यांच्या यादीत होतं. चिंच १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, आंबा, जांभूळ, फणस, सागाबरोबर. शिवाय बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५चा शहरी झाडांचा कायदा लागतो, जो मोरगावच्या ग्रामपंचायतीत लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. चिंचेचं वय कुणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरी स्वतः म्हणाले, आम्ही राहायला आलो तेव्हाही ती एवढीच होती.

कोटेशन नव्याने गेलं. सोबत दुकाने कायद्याची पावती, व्यवसाय कराची नोंदणी, आणि एक पानभर चिठ्ठी: फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्यावी, चिंचेबाबत नगरपरिषदेची परवानगी सोसायटीने घ्यावी, ती येईपर्यंत कुऱ्हाड लागणार नाही. चिठ्ठी मी टाइप केली, शेवटची ओळ त्याची: ‘चिंचेखाली लॉन नीट येत नाही. तिथे पार बांधून देतो.’

काम त्याला मिळालं, फवारणीचे पैसे वजा होऊन. पिकअप अजून घेतलेली नाही. गेल्या रविवारी त्याने फोटो पाठवला: पाराचा अर्धा दगडी कट्टा, आणि त्यावर मिस्त्रीचा चहाचा ग्लास.