पनामाच्या कालव्याची तहान

कालवा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें दोन समुद्र जोडणारा एक लांबच लांब चर उभा राहतो. सुएझच्या बाबतींत ही कल्पना बरोबर आहे. तेथें भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांचें पाणी एकमेकांस सरळ भेटतें; आणि समुद्र कधीं आटत नसल्यामुळें सुएझला दुष्काळाचें भय नाहीं. पनामाचा कालवा मात्र या अर्थानें कालवा नव्हेच. तो उंचावर साठविलेला गोड्या पाण्याचा तलाव असून त्याच्या दोन्ही अंगांस समुद्रापर्यंत उतरणाऱ्या पाण्याच्या पायऱ्या आहेत. हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे २०२३ सालीं पनामांत पावसानें दगा दिला तेव्हां हजारों मैलांवरील बाजारपेठांस त्याची झळ कां लागली, याचा उलगडा होतो.

मौज अशी कीं, या कालव्याच्या इतिहासाचा पहिला अध्याय पाण्याच्या टंचाईचा नसून पाण्याच्या अतिरेकाचा आहे. सुएझच्या यशानें जगन्मान्य झालेल्या फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीनें १८८१ मध्यें येथें काम आरंभिलें, तें समुद्रसपाटीवरून जाणारा सरळ कालवा खणण्याच्या हट्टानें. परंतु मार्गांत शाग्रेस नदी आडवी होती. पावसाळ्यांत ही नदी पाहतां पाहतां फुगे आणि खणलेलें सारें बुडवून टाकी. पूर, कोसळणाऱ्या दरडी, पिवळा ताप आणि हिंवताप यांच्यापुढें कंपनीनें हात टेकले. १८८९ मध्यें तिचें दिवाळें निघालें, तोंवर सुमारें वीस हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं.

१९०४ मध्यें अमेरिकेनें हें काम हातीं घेतलें, आणि दोनच वर्षांनीं सरळ कालव्याचा नाद सोडून दिला. ज्या नदीशीं झुंजतांना फ्रेंच थकले, तिलाच कामास लावावयाचें असें ठरलें. गाटून येथें शाग्रेसवर प्रचंड धरण बांधण्यांत आलें, आणि समुद्रसपाटीपासून सुमारें ८५ फूट उंचीवर एक विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. मनुष्यानें बांधलेला इतका मोठा तलाव तोंवर जगांत दुसरा नव्हता. १५ ऑगस्ट १९१४ रोजीं कालवा वाहतुकीस खुला झाला.

त्याची युक्ति मोठी सोपी आहे. जहाज एका प्रचंड हौदांत शिरतें, मागचे दरवाजे बंद होतात, आणि तलावाचें पाणी उतारानें हौदांत सोडलें कीं जहाज आपोआप वर उचललें जातें. असे तीन हौद चढून तें तलावांत येतें, आणि पलीकडच्या तीन हौदांतून उतरून दुसऱ्या महासागरास मिळतें. पाणी उपसावयास एकही पंप लागत नाहीं. परंतु प्रत्येक जहाजामागें सुमारें वीस कोटि लिटर गोडें पाणी खाऱ्या समुद्रांत वाहून जातें, आणि त्याची भरपाई फक्त आकाशांतूनच होते.

ही किंमत आरंभापासूनच कोणी ना कोणी देत आला आहे. गाटूनच्या तलावाखालीं नदीकांठचीं जुनीं गांवें गेलीं; १९१२ च्या अखेरीस निघालेल्या हुकुमान्वयें कालव्याच्या पट्ट्यांतील रहिवाशांना आपलीं घरेंदारें सोडावीं लागलीं. पुढें वाहतूक वाढली, तेव्हां १९३५ मध्यें शाग्रेसवरच आणखी एक धरण झालें. २०१६ मध्यें अधिक मोठ्या जहाजांसाठीं नवे हौद आले. त्यांतील साठ टक्के पाणी बाजूच्या टाक्यांत धरून पुन्हां वापरतां येतें. तरीही मूळ गोष्ट बदलली नाहीं. पाऊस आहे तर वाट आहे.

२०२३ मध्यें एल् निनोच्या प्रभावामुळें ऐन पावसाळ्यांतच पाऊस रुसला. त्या वर्षींचा ऑक्टोबर १९५० पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑक्टोबर ठरला. तलावाची पातळी उतरली आणि शंभर वर्षांपूर्वीं बुडविलेल्या अरण्याचे बुंधे पाण्याबाहेर डोकावूं लागले. जहाजांनीं पाण्यांत किती खोल बुडावें याची मर्यादा ५० फुटांवरून ४४ फुटांवर आली. म्हणजे मोठ्या जहाजांना कमी माल घेऊनच निघावें लागे. एरवीं दिवसास ३६ जहाजें जात, तीं डिसेंबरांत २२ वर आलीं. ऑगस्टमध्यें तर दीडशेंहून अधिक जहाजें दोन्ही मुखांशीं तिष्ठत होतीं.

या रांगेंत सर्वांची स्थिति सारखी नव्हती. ठरल्या वेळीं धांवणाऱ्या कंटेनरच्या जहाजांनीं आपल्या पाळ्या आधींच राखून ठेवलेल्या असतात. धान्य आणि इंधनवायु नेणारीं जहाजें मात्र माल मिळेल तशीं निघतात. खरी कोंडी त्यांची झाली. उरलेल्या पाळ्यांचा लिलाव होई, आणि नोव्हेंबरांत अशा एका पाळीसाठीं सुमारें चाळीस लाख डॉलर मोजले गेले. ज्यांना तें परवडेना, त्यांनीं सुएझचा किंवा आफ्रिकेच्या टोंकाचा फेरा पत्करला. दैवदुर्विलास असा कीं, त्याच सुमारास तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझची वाटही धोक्याची झाली. मग कालव्याहून जुनी असलेली, १८५५ सालची पनामाची आगगाडी मदतीस आली! एका मोठ्या जहाजानें आपल्या शेंकडों पेट्या एका किनाऱ्यावर उतरविल्या, त्या रुळांवरून पलीकडे गेल्या, आणि हलकें झालेलें तेंच जहाज कालवा ओलांडून त्या पुन्हां घेऊन निघालें.

२०२४ च्या पावसानें तलाव भरला आणि वाहतूक पूर्ववत् झाली. तरी सप्टेंबरअखेर संपलेल्या कालव्याच्या हिशेबी वर्षांत जहाजांची संख्या आदल्या वर्षापेक्षां बरीच घटली होती. परंतु या प्रकरणाचा खरा धडा आंकड्यांत नाहीं. पनामा देशांतील निम्म्याहून अधिक लोक याच जलाशयांचें पाणी पितात. म्हणजे ज्या पाण्यावर जहाज चढतें, तेंच पाणी राजधानींतील गृहिणीच्या घागरींत पडावयाचें असतें. पाणी मुबलक असतां हे दोन हक्क शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात. दुष्काळ पडला म्हणजे त्यांतील पहिला कोणाचा, हें ठरवावें लागतें.

यावर उपाय म्हणून शेजारच्या इंडिओ नदीवर नवें धरण बांधण्याची योजना पुढें आली. तिच्यामुळें सुमारें दोन हजार माणसांवर घर सोडण्याची पाळी येणार असल्यानें तेथील शेतकऱ्यांनीं तिला विरोध केला. १९१२ चा प्रश्न शंभर वर्षांनीं दुसऱ्या खोऱ्यांत येऊन उभा राहिला, एवढाच याचा अर्थ! जगाचा माल स्वस्त आणि वेळेवर पोंचावा ही इच्छा गैर नाहीं. पण त्या मालाच्या किंमतींत कोणाच्या तरी अंगणांतील पाऊसही मिळविलेला असतो, आणि तो पाऊस पुरेनासा झाला म्हणजे कोणाचें अंगणच मागितलें जातें, हें शहरांत बसून माल विकत घेणाऱ्यांनीं विसरतां कामा नये.