गोदावरीच्या खडकांपाशी थांबलेली आगबोट

लहानपणी पावसाळ्यात आम्ही पोरं हिंगोलीला कयाधूच्या पाण्यात कागदी होड्या सोडायचो. ही होडी कुठं जाईल, असं मी एकदा अब्बांना विचारलं. ते म्हणाले, “पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत, मग गोदावरीत आणि शेवटी समुद्रात.” पुढे वाचनात आलं, की याच पाण्याच्या वाटेनं समुद्राकडून वर, पार वर्धेच्या खोऱ्यापर्यंत आगबोटी आणण्याचा बेत इंग्रजांनी आखला होता.

डोळ्यांपुढे अमेरिका होती. तिथं 1811 मध्ये ‘न्यू ऑर्लिन्स’ ही आगबोट पिट्सबर्गहून ओहायो आणि मिसिसिपीच्या वाटेनं निघाली. त्याआधी न्यू ऑर्लिन्सहून प्रवाहाविरुद्ध लुईव्हिलला जायला नावांना तीन-चार महिने लागत. 1853 मध्ये आगबोटीनं तेच अंतर पाच दिवसांच्या आत कापलं. काठानं गावं वसली, देश पश्चिमेकडे सरकला. पण बोटींवर लादलेला कापूस गुलामांनी वेचलेला असे. मूळच्या रहिवाशांना जमिनीवरून उठवून पश्चिमेला नेलं, तेही कित्येकदा याच बोटींतून. 1837 मध्ये ‘मॉनमाउथ’ बोट दुसऱ्या बोटीच्या धडकेनं फुटली आणि क्रीक जमातीची सुमारे 300 माणसं दगावली.

आपल्याकडच्या बेतामागे होते सर आर्थर कॉटन. आडनावाचा अर्थच कापूस! राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा हा इंजिनिअर. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून पूर्व किनाऱ्याला न्यावा, असं त्यांचं म्हणणं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा या बेताला जोर चढला.

पण नदीचं म्हणणं वेगळं होतं. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी या तीन ठिकाणी पात्रात खडकांच्या रांगा आडव्या होत्या. त्यांना वळसा घालायला कालवे आणि पाणदरवाजे बांधायला घेतले. शिवाय पावसाळा सरला की पाणी ओसरायचं. बारमाही मिसिसिपीचं गणित इथं जुळेना. तेवढ्यात 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये गोदावरीवरचं काम सोडून देण्यात आलं.

बोट थांबली, कापूस काही थांबला नाही. पूर्वेला जाणार होता, तो रेल्वेनं पश्चिमेला मुंबईला गेला. पुढे पूर्णेहून मीटरगेज गाडी आमच्या हिंगोलीलाही आली. वाट बदलली, पण गाठीचा भाव दूरच्या बाजारातच ठरत राहिला.

आजही नव्या रस्त्याची घोषणा झाली की आम्ही हरखतो. हरखावंच. फक्त एक प्रश्न सोबत ठेवावा: या वाटेनं इथून काय जाणार, हे सगळेच सांगतात, पिकवणाऱ्याच्या घरी काय येणार?

कयाधूत होड्या सोडणाऱ्या पोरांना हे विचारायला शिकवलं पाहिजे.