प्राध्यापकांच्या पगाराची बोलणी नेमकी होतात कुणाशी?

तालुक्याच्या सीनियर कॉलेजच्या गेटवर काळ्या फिती लावलेले प्राध्यापक दिसले, की टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो: ‘एवढा पगार असून यांना आणखी काय पाहिजे?’ प्रश्न अर्धाच बरोबर आहे. कारण त्याच स्टाफरूममध्ये सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 57,700 रुपये मूळ वेतनावर लागलेले सहाय्यक प्राध्यापक बसतात आणि शेजारच्या खुर्चीत तासावर पैसे मिळणारे, म्हणजे ‘सीएचबी’वाले. पात्रता दोघांची तीच, नेट-सेट किंवा पीएच.डी.

आधी मालक कोण ते पाहू. अनुदानित कॉलेजात नेमणूक संस्था करते, मान्यता विद्यापीठ देतं, वेतनश्रेणी यूजीसीच्या शिफारशीवर ठरते आणि पगाराचा पैसा राज्य शासन देतं. त्यामुळे संस्थाचालकाशी भांडून पगार वाढत नाही. बोलणी होतात थेट मंत्रालयात आणि हाती पडतो तो जीआर. सातव्या आयोगाचे नियम यूजीसीने जुलै 2018 मध्ये काढले, राज्याचा जीआर 8 मार्च 2019 चा आणि लाभ मात्र 1 जानेवारी 2016 पासूनचा. मधल्या काळाची थकबाकी हाच मग पुढच्या भांडणाचा विषय होतो. सहाव्या आयोगावेळी ठरावीक काळाच्या वाढीव खर्चातला 80 टक्के वाटा केंद्राने उचलायचा होता. सातव्यावेळी तो 50 टक्क्यांवर आला.

कामगार न्यायालयाचा रस्ताही बंद आहे. गोव्यातल्या करंझाळे इथल्या शाळेतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये निकाल दिला, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नाहीत. म्हणून उरतात तक्रार निवारण समिती, विद्यापीठ न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, नाहीतर आंदोलन.

आंदोलनाचं काम संघटना करतात. कोल्हापूरकडे सुटा, विदर्भात नुटा, मुंबईत बुक्टू अशा विद्यापीठनिहाय संघटना आणि वर त्यांचा राज्य महासंघ, एमफुक्टो.

या महासंघाचं सर्वांत गाजलेलं आंदोलन 2013 चं. 4 फेब्रुवारीपासून 10 मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार, तब्बल 96 दिवस. मागण्यांत सहाव्या आयोगाची थकबाकी होती आणि बिगर नेट-सेट प्राध्यापकांचा प्रश्नही होता. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात लागलेली ही मंडळी. त्यावेळी पात्रताधारक पुरेसे मिळत नव्हते, म्हणून संस्थांनी त्यांना घेतलं. पुढे पात्रतेच्या अटीवर त्यांचे लाभ अडले. ऐन परीक्षेच्या हंगामातला बहिष्कार असल्याने पालकांचा रोष ओढवला आणि तो समजण्यासारखा होता. अखेर उच्च न्यायालयाने दखल घेतल्यावर बहिष्कार मागे घेतला गेला. 27 जून 2013 ला बिगर नेट-सेटबाबत जीआर निघाला खरा, पण सेवा धरली ती त्या तारखेपासून. आधीची दहा-पंधरा वर्षं? त्यावरून पुन्हा कोर्टकचेऱ्या. शिवाय शासनाने 71 दिवसांचा पगार रोखला. ‘आम्ही वर्गात शिकवत होतो, फक्त परीक्षेचं काम थांबवलं’ ही संघटनेची बाजू, तर परीक्षा हा नोकरीचाच भाग ही शासनाची. 25 सप्टेंबर 2018 पासून बेमुदत कामबंद झालं, तेव्हाही मागण्यांच्या यादीत हे 71 दिवस होतेच.

2018 च्या आंदोलनात मोठा मुद्दा रिकाम्या जागांचा होता. त्यानंतर 3,580 पदं भरायला मान्यता मिळाली. भरती पूर्ण होण्याआधीच कोरोना आला आणि उरलेल्या 2,088 पदांना 2021 मध्ये नव्याने मंजुरी घ्यावी लागली. पेन्शनचं दुखणं वेगळंच. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे एकाच संघटनेत दोन पिढ्यांची गणितं वेगळी.

ग्रामीण भागातल्या कॉलेजांना सगळ्यात जास्त झळ बसते ती रिकाम्या जागांची, कारण तिथले तास सीएचबीवर चालतात. नोव्हेंबर 2018 मध्ये पदवी वर्गासाठी ताशी 500 रुपये दर ठरला. आठवड्याला नऊ तास धरले तर महिन्याचे झाले 18,000, तेही सगळे तास झाले तर. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कोरडीच. त्याच सुमारास, जानेवारी 2019 मध्ये, यूजीसीने अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सुचवले होते. राज्याचे दर पुढे टप्प्याटप्प्याने वाढले, पण पैसे तासावरच राहिले. कायम विनाअनुदानित कॉलेजात तर शासनाचा पगारच नाही. तिथे संस्था देईल तो आकडा.

महासंघ आपल्या निवेदनात सीएचबीचा मुद्दा घालतो. अडचण अशी, की कायम प्राध्यापक संपावर गेला तर कापलेला पगार पुढे मागता येतो. सीएचबीवाल्याचा तास झाला नाही, तर बिलात तो चढतच नाही. आणि पुढच्या जूनमध्ये नेमणुकीसाठी त्याला त्याच संस्थेत पुन्हा मुलाखत द्यायची असते.