फास्टर फेणे मोठा झाला आणि चाहत्यांचे दोन तट पडले. 'फाफे'पासून 'टॉर्चवुड'पर्यंत हे का होतं?

पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने काटकुळा, सायकल सुसाट हाणणारा आणि गडबड दिसली की जिभेने 'टॉक्' करणारा एक मुलगा. नाव बनेश फेणे, गाव फुरसुंगी. भा. रा. भागवतांच्या या पोराने मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांना वाचनाचं वेड लावलं.

२७ ऑक्टोबर २०१७ला हाच 'फास्टर फेणे' सिनेमात आला, तेव्हा त्याची शाळा संपलेली होती. गोष्टीत एका मुलाचा संशयास्पद मृत्यू होता आणि परीक्षेच्या नावाखाली चाललेला धंदा होता. चाहत्यांमध्ये लगेच दोन मतं पडली. 'आमचा फेणे असा नव्हता' हे एक, आणि 'आम्ही मोठे झालो, मग त्याने का होऊ नये?' हे दुसरं.

या वादाला लातूरचा एक धागा आहे. आणि सात वर्षांनी सिनेमाचा विषयच लातूर-नांदेडच्या दारात येऊन उभा राहिला.

मुळात फास्टर फेणे कोणाचा?

भा. रा. भागवत (१९१०-२००१) हे मराठी बालसाहित्यातलं मोठं नाव. त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' हे मासिक काढलं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नावांनी मराठीत आणल्या. मराठी मुलांना रॉकेट, धूमकेतू आणि अंतराळ प्रवासाची गोडी लावण्यात या पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

फास्टर फेणे मात्र विज्ञानकथेचा नायक नाही. तो धाडसकथांचा नायक आहे. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' ही नुसती नावं वाचली तरी मालिकेचा नूर कळतो. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिकाही आली. त्यात फेणेची भूमिका सुमीत राघवनने केली होती.

म्हणजे हा घरातल्या सगळ्यांचा नायक होता. मुलाने वाचावं, आईने वाचून दाखवावं आणि आजोबांनी चोरून चाळावं, असा.

सिनेमात काय बदललं?

सिनेमाचं दिग्दर्शन आदित्य सरपोतदारचं आणि लेखन क्षितिज पटवर्धनचं. अमेय वाघ फेणे झाला, पर्ण पेठेने पत्रकार अबोलीचं काम केलं आणि खलनायक अप्पा रंगवला गिरीश कुलकर्णीने. निर्मात्यांमध्ये जेनेलिया आणि रितेश देशमुख यांची 'मुंबई फिल्म कंपनी' होती. रितेश मूळचा लातूरजवळच्या बाभळगावचा. 'बालक-पालक' (२०१३) हा वयात येणाऱ्या मुलांच्या प्रश्नांवरचा सिनेमाही याच कंपनीचा.

इथला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. परीक्षेच्या वेळी भेटलेला एक मुलगा नंतर मृत सापडतो. सगळे आत्महत्या म्हणतात, बनेशला ते पटत नाही. शोध घेता घेता तो प्रवेश परीक्षेतल्या मोठ्या रॅकेटपर्यंत पोहोचतो.

जुन्या वाचकांसाठी एक गोड जागा ठेवली होती. फेणे पुण्यात ज्यांच्या घरी उतरतो, ते आहेत खुद्द भा. रा. भागवत. ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली.

आक्षेप काय, आणि बाजू काय?

नाराज चाहत्यांचा पहिला मुद्दा वयाचा. फेणेची मजा तो शाळकरी असण्यात होती. मोठी माणसं हसण्यावारी नेतात आणि हा पोरगा मात्र खरं शोधून काढतो, ही त्या गोष्टींची गंमत. वीस-बाविशीचा तरुण तेच करतो तेव्हा तो इतर डिटेक्टिव्हसारखा एक डिटेक्टिव्ह होतो.

दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक. पुस्तक हातात असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला हा सिनेमा दाखवायचा का? मुलाच्या मृत्यूवर उभी असलेली गोष्ट सगळ्याच पालकांना झेपत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की भागवतांच्या गोष्टी कधीच नुसत्या गोडगोड नव्हत्या. चोर, तस्कर, अगदी युद्धाची सीमाही त्यांत येते. शिवाय पुस्तकं वाचून वाढलेला वाचक २०१७मध्ये तिशी-चाळिशीत होता. तिकीट तोच काढणार होता.

ब्रिटनमध्ये हे आधीच घडलं होतं

हा पेच फक्त मराठीचा नाही. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. काळातून प्रवास करणारा डॉक्टर आणि त्याची निळी पोलीस पेटी संपूर्ण कुटुंबाने एकत्र बघायची, असा तिचा बाज. १९८९मध्ये थांबलेली मालिका २००५मध्ये परत आली आणि पुढच्याच वर्षी तिला मोठ्यांसाठीचा फाटा फुटला. त्याचं नाव 'टॉर्चवुड'. इंग्रजीत 'डॉक्टर हू'ची अक्षरं उलटसुलट केली की हे नाव तयार होतं.

२२ ऑक्टोबर २००६ला सुरू झालेली ही मालिका कार्डिफ शहरात घडते. सुरुवातीच्या भागांत शिव्या, रक्त आणि लैंगिक प्रसंग भरपूर होते. तेव्हा अनेक चाहत्यांची तक्रार होती की हे 'मोठ्यांचं' नाही, मोठं झाल्याचा आव आणणाऱ्या पोराचं आहे. दुसरीकडे मूळ मालिकेची मुलंही हट्टाने ती बघायला मागत होती. शेवटी दुसऱ्या पर्वाच्या वेळी बीबीसीने मुलांना चालेल अशी कापलेली आवृत्तीही दाखवली.

खरा बदल झाला जुलै २००९मध्ये. 'चिल्ड्रन ऑफ अर्थ' हे तिसरं पर्व सलग पाच रात्री दाखवलं गेलं. परग्रहवासी जगातली दहा टक्के मुलं मागतात. कोणाची द्यायची, यावर ब्रिटनचं मंत्रिमंडळ चर्चा करतं आणि ठरतं: निकालात सर्वात मागे असलेल्या शाळांमधली.

या पर्वात शिव्या आणि शय्यादृश्यं फारशी नव्हती, पण आधीच्या कुठल्याही भागापेक्षा ते जास्त 'मोठ्यांचं' होतं. यांतो जोन्स या लाडक्या पात्राच्या मृत्यूने चाहते इतके हळहळले की कार्डिफच्या बंदरावर त्याचं स्मृतिस्थळच तयार झालं. मात्र हेच पर्व मालिकेतलं सर्वोत्तम मानणारेही पुष्कळ आहेत.

लातूर-नांदेडमध्ये हा विषय वेगळा का वाटतो?

गुणांवरून मुलांची किंमत ठरते, ही कल्पना लातूर-नांदेडमध्ये परग्रहावरची वाटत नाही. बारावीच्या गुणवत्ता यादीतून नावारूपाला आलेला 'लातूर पॅटर्न' आता नीट-जेईईच्या क्लासेसचा झाला आहे. नांदेडही त्याच वाटेवरचं केंद्र आहे. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवमधून दहावी झालेली मुलं इथे खोली घेऊन राहतात. त्यांच्या मागे शेती विकलेली किंवा कर्ज काढलेली घरंही असतात.

जून २०२४मध्ये नीटमधल्या कथित गैरव्यवहाराचा तपास इथवर आला. दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेने लातूरमध्ये दोन शिक्षकांची चौकशी केली, लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. गुण वाढवून देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. तो खरा की खोटा, हे न्यायालय ठरवेल. त्याच महिन्यात २१ जूनपासून सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा नवा कायदाही लागू झाला. संघटित गुन्ह्यासाठी त्यात ५ ते १० वर्षं कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड आहे.

२०१७मध्ये काहींना सिनेमातलं रॅकेट अतिरंजित वाटलं असेल. मध्य प्रदेशातला व्यापमं घोटाळा मात्र त्याच्या चार वर्षं आधीच उघड झाला होता. आज लातूरच्या क्लासमधल्या सतरा वर्षांच्या मुलीला हा सिनेमा दाखवला, तर तिला तो 'मोठ्यांचा' वाटणार नाही. तिच्या वर्गातलाच वाटेल.

मग 'मोठ्यांसाठी' म्हणजे नेमकं काय?

एक भाग प्रमाणपत्राचा आहे. पूर्वी भारतात 'यूए' ही एकच मधली श्रेणी होती. २०२४च्या नियमांनी तिचे यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. त्यामुळे 'आठ वर्षांच्या मुलाला दाखवावं का?' या प्रश्नाला आता थोडं नेमकं उत्तर मिळतं. पालकांचा आक्षेप रास्त होता, हेच त्यातून दिसतं.

दुसरा भाग चाहत्यांच्या भांडणातून कळतो. 'टॉर्चवुड'वर सर्वाधिक टीका झाली ती शिव्या-रक्ताच्या भागांवर, आणि ते लक्षात राहिलं ते मुलांची यादी करणाऱ्या मंत्रिमंडळामुळे. 'फास्टर फेणे'चंही तसंच. त्याची उंची वाढली, दप्तर गेलं. पण एक मुलगा मेला आणि सगळे गप्प बसले, तेव्हा गप्प न बसणारा तो एकटा होता. हा गुण फुरसुंगीच्या शाळकरी फेणेचाच आहे.

ज्यांना सायकलवरचा शाळकरी पोरगा हवा आहे, त्यांच्यासाठी भागवतांची पुस्तकं आजही दुकानात मिळतात. घरात आठ वर्षांचं आणि सतरा वर्षांचं अशी दोन्ही मुलं असतील, तर धाकट्याला पुस्तक द्यावं आणि थोरल्यासोबत सिनेमा बघावा. निकालाचे दिवस असतील तर सिनेमा संपल्यावर थोडा वेळ त्याच्याशी बोलायलाही बसावं.