तीव्र कोण, सौम्य कोण?

मी बी.ए. झालेला, कवितेचा माणूस. तरी शाळेतला एक प्रयोग अजून डोळ्यांपुढे आहे. मिठाच्या पाण्यात बल्ब लख्ख पेटायचा, व्हिनेगरमध्ये मिणमिणायचा आणि साखरेच्या पाण्यात पेटायचाच नाही. असे का? त्या उत्तरामागे एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे.

१८८४ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या स्वांते अऱ्हेनियसने याच विषयावर प्रबंध दिला. पुढे १८८७ मध्ये त्याने स्वच्छच सांगितले : मीठ पाण्यात पडले की वीज सोडण्याआधीच त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. प्राध्यापकांना हे पटणारे नव्हते. पाण्यात पेट घेणारे सोडियम आणि विषारी क्लोरीन आपल्या मिठाच्या पाण्यात सुखाने नांदतात? प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. पण रीगाच्या विल्हेल्म ओस्टवाल्डने तो वाचला आणि या मुलाला भेटायला तो स्वतः उप्सालाला आला. १९०३ मध्ये अऱ्हेनियसला नोबेल पारितोषिक मिळाले.

मीठ किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्ण सुटे होते, ते तीव्र. व्हिनेगरमधल्या असेटिक आम्लाचे विरल द्रावणात शंभरातले एखाद-दोन रेणूच सुटे होतात, ते सौम्य. साखरेचे रेणू विरघळतात, पण आयन देत नाहीत.

मात्र अऱ्हेनियस तीव्र पदार्थही अंशतःच सुटे होतात असे मानत होता, आणि त्याचा हिशेब तिथे जुळत नव्हता. १९१८ मध्ये कोलकात्याचे तरुण ज्ञानचंद्र घोष, प्रफुल्लचंद्र राय यांचे शिष्य, म्हणाले की तीव्र पदार्थ पूर्णच सुटे झालेले असतात. आयन एकमेकांना ओढतात म्हणून वीज अडखळते. त्यांचे सूत्र टिकले नाही. नेमके गणित १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी मांडले. पण घोषांनी दाखवलेली दिशा बरोबर होती. हेच घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

आता एक घोटाळा, जो मीही वर्षानुवर्षे केला. तीव्र म्हणजे दाट नव्हे. बादलीभर शुद्ध पाण्यात मिठाचे चार कण टाकले तर बल्ब पेटणारही नाही, तरी मीठ तीव्रच. व्हिनेगर कितीही कडक घ्या, त्यातले आम्ल सौम्यच. तेव्हा बल्ब मंद दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नका. दोन्ही भांड्यांत पदार्थ सारख्याच प्रमाणात आहे ना, हे आधी विचारा.